सोस्यूरची व्याख्याने आणि श्रोत्यांच्या वह्या

आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया ज्या ग्रंथाने घातला असे सामान्यतः मानले जाते, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याने लिहिलेला नाही; किंबहुना असा काही ग्रंथ आपल्या नावावर होणार आहे, याची त्यांस कल्पनाही नव्हती. फेर्दिनां द सोस्यूर यांनी जिनीव्हा विद्यापीठात सामान्य भाषाविज्ञानावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली : पहिली १९०७ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत, दुसरी १९०८-०९ मध्ये आणि तिसरी १९१०-११ मध्ये. २२ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. १९१६ साली जो ग्रंथ त्यांच्या नावाने बाहेर पडला, तो या तीन मालांना बसलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जुळवलेला आहे. ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या प्रत्येक प्राथमिक पुस्तकात एका वाक्यात सांगितलेली असते, आणि ते वाक्य वाचून आपण पुढे जातो. विद्यापीठातील व्याख्यान कसे ऐकावे, त्यासाठी कोणती तयारी करून जावे आणि त्यातून काय घेऊन यावे, या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्या वह्यांचा इतिहास थोडा सावकाश पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम श्रोत्यांची संख्या ध्यानात घ्यावी. पहिल्या मालेस सहा विद्यार्थी होते, दुसऱ्या मालेस अकरा आणि तिसऱ्या मालेस बारा. व्याख्याते सामान्य नव्हते. एकविसाव्या वर्षी इंडो-युरोपीय स्वरांवरील प्रबंधाने त्यांनी लाइपझिगच्या पंडितांचे लक्ष वेधून घेतले होते. संस्कृतातील सत्षष्ठीच्या प्रयोगावर डॉक्टरेट मिळवली होती. पॅरिसमध्ये दहा वर्षे अध्यापन केले होते. १८९१ पासून ते जिनीव्हात संस्कृत आणि तुलनात्मक व्याकरण शिकवीत होते. सामान्य भाषाविज्ञानाचा विषय त्यांच्याकडे आला तो वर्थायमर हे प्राध्यापक निवृत्त झाल्यामुळे, १९०६ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्या व्याख्यानांनी एका शास्त्राची दिशा बदलली, ती एका रिकाम्या झालेल्या जागेच्या निमित्ताने दिली गेली. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परीक्षा द्यावयाची होती. आपण एका ऐतिहासिक प्रसंगी उपस्थित आहोत, असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

सोस्यूर यांच्या निधनानंतर शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी त्यांचे कागद तपासले. व्याख्यानांची टिपणे हाती येतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती जवळजवळ काहीच लागले नाही. कारण तासापुरते घाईने केलेले आराखडे सोस्यूर ते काम झाल्यावर नष्ट करीत असत. संपादकांची दुसरी अडचण याहून मोठी होती. स्वतःच्या अध्यापनाच्या वेळा आड आल्यामुळे बाली आणि सेशए यांपैकी एकासही ही व्याख्याने ऐकता आली नव्हती. जे बोलले ते हयात नव्हते आणि जे लिहिणार होते त्यांनी ऐकलेले नव्हते. मध्ये केवळ वह्या होत्या. सेशए यांच्या पत्नी मार्गरीत (ज्या पुढे मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात प्रसिद्धीस आल्या) तिसऱ्या मालेस बसल्या होत्या. त्यांची वही, देगालिए आणि झोसेफ या त्यांच्या सहाध्यायांच्या वह्यांबरोबर, या ग्रंथाच्या घडणीस मुख्यत्वे उपयोगी पडली. पतीने घरातल्याच वहीतून गुरूचे बोलणे शोधून काढावे, हा प्रसंग शास्त्राच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

पहिल्या मालेच्या बाबतीत एक गोष्ट लक्षणीय आहे. लुई कैय या विद्यार्थ्याने ती व्याख्याने लघुलिपीत उतरवून घेतली होती. वस्तुतः शब्दशः नोंदीसारखी दुसरी नोंद नाही, असे आपणांस वाटते. तथापि १९१६ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादकांच्या जोडीला सहकारी म्हणून नाव आहे ते आल्बेर रीडलिंगर याचे. पहिल्या दोन्ही मालांची त्याची टिपणे तपशीलवार आहेत आणि दुसऱ्या मालेच्या काळात, १९०९ च्या जानेवारीत, वर्गाबाहेर सोस्यूर यांच्याशी झालेले संभाषणही त्याने नोंदवून ठेवलेले आहे. लघुलिपीने हात कानाबरोबर धावू शकतो हे खरे. परंतु समजून घेणाऱ्याची नोंद नुसत्या उतरवून घेणाऱ्याच्या नोंदीहून निराळी पडते, हे या दोन वह्या शेजारी ठेवल्यास कोणासही कळावे.

हा वाद फार जुना आहे. पॅरिस विद्यापीठाच्या कलाशाखेतील अध्यापकांनी १० डिसेंबर १३५५ रोजी एक ठराव करून सावकाश सांगून उतरवून घेण्यास देण्याची पद्धत निषिद्ध ठरवली. अध्यापकाने असे बोलावे की ऐकणाऱ्याच्या बुद्धीस ते ग्रहण करता येईल, परंतु हातास त्याचा पाठलाग करता येणार नाही, असा त्या ठरावाचा आशय होता. हा नियम मोडणाऱ्या अध्यापकास एक वर्ष शिकवण्यास मज्जाव होता. आणि जे विद्यार्थी आरडाओरडा करून, शीळ घालून, स्वतः किंवा नोकरांकरवी दगड फेकून या सुधारणेस विरोध करतील, त्यांनाही शिक्षा होती. शिक्षेत दगडफेकीचा उल्लेख करावा लागला, यावरून विद्यार्थिवर्गाचे मत काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे राहिले. परीक्षा एकाने घ्यावी आणि शिकवावे दुसऱ्याने, या व्यवस्थेत व्याख्यानाचे रूपांतर ‘नोट्स उतरवून देण्यात’ व्हावे, हे ओघानेच आले. त्याविरुद्ध दगड मारण्याची पाळी आमच्या विद्यार्थ्यांवर आली नाही, कारण त्यांची मागणी आधीच मान्य झालेली होती.

परीक्षेची ही छाया जिनीव्हातही होती. लिओपोल्द गोतिए या विद्यार्थ्याने ६ मे १९११ रोजी सोस्यूर यांच्याशी झालेल्या बोलण्याची नोंद केली आहे. तिचा भावार्थ असा : आपण पेचात सापडलो आहोत, असे सोस्यूर म्हणाले. विषय त्याच्या सगळ्या गुंतागुंतीसह मांडावा आणि आपल्या शंका कबूल कराव्यात, तर परीक्षेसाठी असलेल्या पाठ्यक्रमास ते शोभणार नाही. आणि सोपा करून मांडावा, तर भाषाशास्त्रज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांना तो मानवेल. परंतु असे करताना प्रत्येक पावलास मन अडखळते. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद वाचावी, असे मला वाटते. ती वर्गातली नाही, वर्गाबाहेरची आहे. गोतिए गुरूकडे गेला आणि त्याने विचारले, म्हणून ती आपल्याला मिळाली.

या पार्श्वभूमीवर १९१६ च्या ग्रंथाकडे पाहिले असता त्यात काय हरवले, हे दिसू लागते. तिसऱ्या मालेच्या आरंभी, ४ नोव्हेंबर १९१० रोजी, सोस्यूर यांनी आपला क्रम सांगितला होता : आधी जगातील प्रत्यक्ष भाषा, मग त्यांतून निष्पन्न होणारी भाषाव्यवस्था, आणि शेवटी व्यक्तीच्या ठिकाणी असणारी भाषाशक्ती व तिचा वापर. त्याप्रमाणे सारा हिवाळा त्यांनी भाषांची भौगोलिक विविधता, लिपी, भाषाकुले यांवर घालवला. भाषाव्यवस्था या अमूर्त कल्पनेकडे ते वळले १९११ च्या एप्रिलच्या अखेरीस. संपादकांनी हा क्रम बदलला. भाषाव्यवस्थेचा विचार त्यांनी अग्रभागी आणला आणि भौगोलिक भाग ग्रंथाच्या चौथ्या विभागात नेऊन ठेवला. तर्कदृष्ट्या ही मांडणी अधिक नेटकी आहे हे मान्य करावे लागेल. परंतु आमचे विद्यार्थी या ग्रंथाच्या प्रस्तावनेतील तिसऱ्या प्रकरणाशी येऊन का थबकतात, याचे उत्तरही येथेच आहे. जिनीव्हातील श्रोत्याची पूर्वतयारी गुरूने पाच-सहा महिने करून घेतली होती. मालेच्या तोलाचे पाठ्यपुस्तक त्या वेळी नव्हतेच; व्याख्यानांचा क्रम हेच त्याचे पूर्ववाचन होते. आमच्या विद्यार्थ्यास तो निष्कर्ष पहिल्याच आठवड्यात, कोणत्याही तयारीविना, गिळावा लागतो. मी गेली काही वर्षे वर्गात हा ग्रंथ चौथ्या विभागापासून उघडतो. नागपूर, कोल्हापूर, मालवण आणि तंजावर येथील मराठी बोलण्यातील भेद डोळ्यांसमोर असलेल्या विद्यार्थ्याला ‘या सर्वांना मराठी कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?’ हा प्रश्न आपोआप सुचतो, आणि तो सुचल्यानंतरच भाषाव्यवस्था ही संकल्पना त्याला हवीशी वाटू लागते.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. २ मे १९११ च्या व्याख्यानात भाषिक चिन्हाचे स्वरूप सांगताना सोस्यूर यांनी ‘संकल्पना’ आणि ‘ध्वनिप्रतिमा’ हे शब्द वापरले. पुढे १९ मे रोजी त्यांनी मागे जाऊन दुरुस्ती केली. ज्यांना आपण आज ‘चिन्हित’ आणि ‘चिन्हक’ म्हणतो त्या संज्ञा त्यांनी त्या दिवशी पुढे केल्या आणि आधीच्या प्रकरणाचे शीर्षकही बदलावयास सांगितले. भाषाविज्ञानातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध अशी ही संज्ञांची जोडी म्हणजे वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, दोन-तीन आठवड्यांच्या अस्वस्थतेनंतर केलेली दुरुस्ती आहे. १९१६ च्या ग्रंथात जुन्या आणि नव्या संज्ञा एकाच प्रकरणात सुरळीतपणे एकामागून एक येतात. मधले सतरा दिवस नाहीसे होतात. चिन्हाच्या सुप्रसिद्ध आकृतीच्या बाजूंचे बाणदेखील संपादकांनी घातलेले आहेत. आणि ग्रंथाचे जे शेवटचे वाक्य, भाषाव्यवस्थेचा केवळ तिच्यासाठी विचार करणे हेच भाषाविज्ञानाचे खरे कार्य अशा आशयाचे, सोस्यूर यांच्या सिद्धान्ताचे सार म्हणून अर्धशतकभर सांगितले गेले, ते कोणत्याही विद्यार्थ्याच्या वहीत आढळत नाही.

यासाठी बाली आणि सेशए यांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांनी हे काम केले नसते तर सोस्यूर हे नाव केवळ स्वरांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक राहिले असते. तथापि सोस्यूर यांची व्याख्याने ऐकलेला एक विद्यार्थी पोल रगार याने १९१९ साली आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत तक्रार नोंदवून ठेवली, की छापील ग्रंथात गुरूच्या पाठांची मोहिनी आपल्याला सापडत नाही. पुनरुक्तीसह वह्याच छापल्या असत्या तर बरे झाले नसते काय? ही तक्रार त्या वेळी फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९५७ साली रोबेर गोदेल यांनी हस्तलिखित साधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९६७ पासून रूडॉल्फ एंग्लर यांची चिकित्सक आवृत्ती निघू लागली, तेव्हा रगारचे म्हणणे छापील पानावर पडताळून पाहता आले. एंग्लर यांनी पान सहा रकान्यांत विभागले आहे. पहिल्यात १९१६ चा मजकूर. पुढच्या चारांत निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या वह्या. शेवटच्यात सोस्यूर यांची स्वतःची जी थोडी टिपणे उरली ती. एकाच तासाला, एकाच खोलीत, एकाच तोंडून आलेले वाक्य येथे चार प्रकारांनी ऐकलेले दिसते. एकाने व्याख्या पकडली, दुसऱ्याने उदाहरण. एकाच्या रकान्यात मजकूर आहे तेथे दुसऱ्याचा रकाना कोरा आहे. मी या पानांकडे प्रथम पाहिले तेव्हा मला भाषाविज्ञानापेक्षा आमच्या वर्गाचीच आठवण झाली.

मराठीच्या अभ्यासकास हे दृश्य सर्वस्वी अपरिचित वाटू नये. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात नागदेवाचार्यांच्या आश्रयाने म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यात कोणते वचन कोठे, कोणाला आणि कशावरून उद्भवले हे येते. काही ठिकाणी एकच प्रसंग निरनिराळ्या सांगणाऱ्यांच्या आठवणीत निराळा पडला असेल, तर तो भेदही नोंदलेला आढळतो. केशिराजांनी सूत्रपाठ रचला तेव्हा प्रसंग गळले आणि वचने राहिली. पाठांतरासाठी आणि उपदेशासाठी सूत्रपाठ सोयीचा. परंतु सूत्राचा अर्थ लावताना प्रसंगाची गरज पुन्हा भासलीच, आणि ‘प्रकरणवश’ या नावाने ते प्रसंग सूत्रांना परत जोडावे लागले. १९१६ चा ग्रंथ हा सोस्यूर यांचा सूत्रपाठ आहे, आणि गोदेल-एंग्लर यांनी केलेले काम म्हणजे त्याचे प्रकरणवश, असे म्हणावयास हरकत नाही. धर्मपंथाची निष्ठा आणि विद्यापीठाचा वर्ग यांत अंतर आहे, हे गृहीत धरूनच मी हे म्हणतो. परंतु ऐकणाऱ्याच्या जबाबदारीचे स्वरूप म्हाइंभटांना जितके स्पष्ट दिसले होते, तितके आमच्या एम. ए.च्या वर्गात दिसत नाही.

आमच्या म्हणजे माझ्याही. विद्यार्थिदशेत माझ्या वह्या वर्गात नमुनेदार समजल्या जात आणि परीक्षेच्या आधी त्या चार हातांत फिरत. एका तासाला आमच्या अध्यापकांनी स्वनिमाची व्याख्या सांगून संपवली, टिपणवही मिटली, आणि तास संपण्यास पाच-सात मिनिटे असताना ते स्वतःशीच बोलावे तसे बोलू लागले. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतील ज-चे उच्चार निराळे आहेत. तेवढ्यावरून ते दोन स्वनिम मानावे, असे आम्ही नुकतेच लिहून घेतले होते. परंतु पहिला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आणि दुसरा मराठीच्या घडणीतला. मग ही जोडी एकाच व्यवस्थेतील आहे असे आपण कशाच्या आधारे धरतो? असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यावर त्यांनी एक-दोन युक्तिवाद करून ते स्वतःच अपुरे ठरवले. आम्ही सर्वांनी लेखण्या खाली ठेवल्या होत्या. मागच्या बाकावर कोणी डबा उघडल्याचेही आठवते. दहा-बारा वर्षांनी माझ्या प्रबंधात मी नेमका त्या प्रश्नाशी येऊन अडलो तेव्हा ती वही शोधून काढली. व्याख्या होती, दोन रंगांत अधोरेखित केलेली. तिच्याखाली अर्धे पान कोरे होते. अध्यापक त्यापूर्वीच निवर्तले होते. ते युक्तिवाद कोणते होते, हे मी वर्गमित्रांना विचारून पाहिले. डबा कोणी उघडला, हे मात्र दोघांना आठवत होते.

तेव्हापासून मी वर्गात एक प्रयोग करतो. त्यास प्रयोग हे नाव भारदस्त होईल, खेळ म्हणू. महिन्यातून एकदा तीन विद्यार्थ्यांच्या वह्या घेऊन एकाच व्याख्यानाची पाने एंग्लर यांच्या पद्धतीने फळ्यावर रकान्यांत मांडावयाची. संज्ञा तिन्ही वह्यांत असतात, आणि त्या कोणत्याही पुस्तकात मिळाल्या असत्या. उदाहरणे दोन वह्यांत असतात. ‘येथे मला खात्री नाही’ असे मी म्हटलेले बहुधा एकाही वहीत नसते. वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मराठीत संपलेले असते, आणि जेथे भाषा बदलते तेथेच पुष्कळदा विचार तुटलेला असतो. आपली वही दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहिल्यावाचून आपण काय ऐकले नाही हे कळत नाही, असे विद्यार्थी स्वतःच पुढे सांगू लागतात. मात्र यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जो विद्यार्थी नेमलेले प्रकरण वाचून येतो, तो कमी लिहितो. व्याख्या त्याच्यापाशी आधीच असते, म्हणून त्याचा हात मोकळा असतो. पुस्तकापासून शिक्षक कोठे फुटला, कोठे थांबला, कोठे मागे फिरला, एवढेच त्याला टिपावयाचे असते. जो न वाचता येतो त्याची सारी शक्ती विशेषनामे आणि संज्ञा यांमागे धावण्यात खर्च होते. पूर्वतयारीचा उपयोग व्याख्यान अधिक सोपे जावे म्हणून आहे, असे सामान्यतः सांगतात. माझ्या मते तो मुख्यतः अशासाठी आहे, की जे छापलेले नाही ते ऐकण्यास कान रिकामे राहावेत.

व्याख्यानाचा परिणाम वहीवाचूनही दूरवर जाऊ शकतो, हेही नमूद केले पाहिजे. पॅरिसमध्ये सोस्यूर यांच्या वर्गात आंत्वान मेये बसत असत. मेये यांच्या वर्गात ज्यूल ब्लॉक बसले. आणि ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला तो वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा आमचा अभ्यास आजही त्या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

तिसऱ्या मालेची सर्वांत विस्तृत टिपणे एमिल कॉन्स्तांतँ या विद्यार्थ्याची आहेत. संपादकांना ती उपलब्ध झाली नव्हती. गोदेल यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर, १९५८ साली, म्हणजे व्याख्याने संपल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी, ती जिनीव्हाच्या ग्रंथालयात पोहोचली. १९९६ साली सोस्यूर घराण्याच्या वास्तूत स्वतः सोस्यूर यांचे आणखी कागद सापडले आणि २००२ मध्ये ते छापले गेले. तरी त्या तिसऱ्या वर्षी वर्गात प्रत्यक्ष काय बोलले गेले, यासाठी अभ्यासकांना कॉन्स्तांतँच्या वह्यांकडेच यावे लागते. जुन्या संज्ञा, नव्या संज्ञा, मागे जाऊन केलेली दुरुस्ती आणि मूळचा क्रम त्यांत शाबूत आहे. व्यक्तीच्या भाषाशक्तीविषयीचा जो तिसरा भाग सोस्यूर यांनी नोव्हेंबरात कबूल केला होता, त्यास वेळ पुरला नाही. १९१२ च्या उन्हाळ्यात त्यांची प्रकृती बिघडली आणि पुन्हा व्याख्यानमाला झाली नाही. शेवटचे व्याख्यान ४ जुलै १९११ चे आहे. ते कॉन्स्तांतँने नेहमीसारखेच उतरवून घेतले आहे.